थ्रेड : सिंधुदुर्ग आणि त्याच्या पायथ्याचे सागरी अभयारण्य

१/ १६६४ साली मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची उभारणी आरंभली. या जागेचे एक बळ पाण्याखाली दडलेले होते. बेटाभोवतीच्या खडकांतून वाट काढणे स्थानिक दर्यावर्दींनाच साधे. परक्या गलबताला तेथे फुटण्याचे भय असे.

२/ शत्रूला रोखणाऱ्या त्याच खडकांवर प्रवाळ वाढले. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती. त्यांची वाढ अतिशय संथ. १३ एप्रिल १९८७ रोजी येथील सुमारे २९ चौ. किमी क्षेत्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून घोषित झाले. किल्ल्याभोवतीचे सुमारे ३.१८ चौ. किमी हे त्याचे गाभा क्षेत्र.

३/ पेच येथेच सुरू झाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा प्रामुख्याने अरण्य डोळ्यांसमोर ठेवून रचलेला. येथे मात्र गाभ्यातच किल्ला, त्यात नांदती घरे आणि राजाराम महाराजांनी उभारलेले श्रीशिवराजेश्वर मंदिर. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना आपल्याच दर्यातून हद्दपार होण्याची धास्ती वाटली; विरोध झाला.

४/ पुढे पुण्या-मुंबईचे पर्यटक स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी येऊ लागले. प्रवाळावर टाकलेला एक नांगर किंवा टेकलेले एक पाऊल कैक वर्षांची वाढ क्षणात मोडते. तरीही याच पर्यटनाने किनाऱ्यावरील अनेक घरांना रोजगार दिला.

५/ २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात प्रकल्प राबवला गेला. स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचे प्रशिक्षण मिळाले. त्यामागचा विचार सरळ होता : ज्याची चूल जिवंत प्रवाळावर पेटते, तोच त्याची राखण करील.

६/ हा विचार मराठी राज्यव्यवहाराला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू देत नाही. झाड जीर्ण असले, तरी धन्याला राजी करून, मोल देऊनच ते तोडावे, असा त्याचा दंडक आहे. राज्याची गरज मोठी असली, तरी संमतीवाचून घेणे अन्यायच.

७/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे. गर्दी वाढेल. होड्यांना मर्यादा, नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये आणि निर्णयात मच्छीमारांचा शब्द, या तीन गोष्टींवाचून घोषणा कागदावरच राहील. तट ढासळला तर पुन्हा बांधता येतो. प्रवाळ बांधणारा गवंडी कोठेही मिळत नाही.