शब्दवेध : मात्रा

वैद्याची मात्रा, ‘के’वरची मात्रा आणि ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ यातली मात्रा, साऱ्या एकाच घरच्या. संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे. मान, प्रमाण, परिमाण तिथलेच. कवितेत हे मोजणे कसाला लावले बारामतीकर कवी मोरोपंतांनी (१७२९–१७९४). लघू म्हणजे हलक्या अक्षराची मात्रा एक, गुरू म्हणजे जड अक्षराच्या दोन. पंतांच्या आर्या वृत्ताच्या (शास्त्राने पाहिले तर बहुतेक गीती या जवळच्या वृत्ताच्याच!) पहिल्या चरणात १२ मात्रा, म्हणजे चार-चारांचे तीन गण. एक गण पाच तऱ्हांनी भरतो : चारही लघू, दोन गुरू, किंवा दोन लघूंसोबत एक गुरू, तो तीनपैकी कुठल्याही जागी.

आता दोन ओळी, चार रकान्यांची चौकट घ्या आणि डॉमिनोंनी, म्हणजे दोन-दोन घरे व्यापणाऱ्या सोंगट्यांनी, झाका. उभा डॉमिनो म्हणजे लघू. एकाखाली एक दोन आडवे म्हणजे गुरू. तऱ्हा पुन्हा पाचच! बारा रकान्यांना २३३. पण गणांची कुंपणे पाळली की १२५, आणि विषम गणांत जगण (लघु-गुरु-लघु) वर्ज्य म्हटला की उरतात ८०. पंतांनी रचलेल्या हजारो आर्यांचे पहिले चरण एवढ्याशा अंगणातले.

मोठे पट डॉमिनोंनी झाकण्याच्या तऱ्हा मोजायचे सूत्र १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कास्टेलाइन यांनी आणि स्वतंत्रपणे टेम्परली-फिशर यांनी काढले. बुद्धिबळाचा पट ३२ डॉमिनोंनी १,२९,८८,८१६ तऱ्हांनी झाकता येतो.