सशाची पिल्ले, परळची प्रयोगशाळा आणि आतड्यातले विष

मागच्या पावसाळ्यात पुणतांब्याच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घेता घेता एका शेळीपालकाने विचारले, "डॉक्टर, रात्री धडधाकट असलेली तीन करडं सकाळी मेलेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आंत्रविषार. जंतूवर एवढी इंजेक्शनं निघालीत, मग हे कसं आवरत नाही?"

मी माणसांचा डॉक्टर, पण प्रश्न माझ्या विषयातलाच. आंत्रविषाराचा जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असतो. पहिल्या पावसाचे कोवळे गवत किंवा धान्य जास्त खाल्ले गेले की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. हे विष आतड्याच्या अस्तरातून रक्तात उतरते आणि मेंदूपर्यंत जाते. जनावर आडवे पडते तेव्हा विषाचे काम बहुधा होऊन गेलेले असते. अँटिबायोटिक जंतूला मारते, सुटलेल्या विषाला नाही.

आज हे सहज सांगता येते. पण जंतू वेगळा आणि त्याचे विष वेगळे, हे पटकीच्या (कॉलराच्या) बाबतीत सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षे लागली. तुमच्या आजोबा-पणजोबांनी मरीआईचा गाडा गावाबाहेर नेला, तो याच रोगाच्या भीतीने. वारीच्या गर्दीत तर ती हमखास पसरायची.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला. जंतू आतड्यात राहून विष सोडत असावा, असा तर्कही त्याने केला. पण प्राण्यांना पटकी होईना! रोग प्राण्यात उभा करता आला नाही, तर विष दाखवणार कुठे? मोठ्या सशाला जंतू पाजले तरी तो ढिम्म.

ही अडचण सोडवणाऱ्यांत मुंबईचे नाव आहे. परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. एन. के. दत्ता आणि हब्बू यांनी मोठे ससे सोडून आईच्या दुधावरची पिल्ले घेतली. त्यांच्या आतड्यात जंतू सोडल्यावर माणसासारखेच पाण्यासारखे जुलाब झाले. हे काम १९५५ मध्ये छापून आले. पुढे १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतूंऐवजी जंतू फोडून काढलेला अर्क दिला, आणि पिल्ले तशाच जुलाबांनी दगावली. त्याच वर्षी कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून, जंतू गाळून टाकलेला द्रव आत सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. डे यांचे नाव निदान पाठ्यपुस्तकांत येते. परळचे हे काम मात्र आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही फारसे माहीत नसते, याची मला खंत वाटते.

आता गंमत पाहा. आतड्याचे अस्तर सोलवटून निघत असेल, म्हणून पाणी वाहते, अशी जुनी समजूत होती. १९६० च्या सुमारास रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले, तर अस्तर जवळजवळ शाबूत! पटकीचे विष पेशी फाडत नाही. ते पेशीला चिकटते, त्याचा एक भाग आत शिरतो आणि क्षार बाहेर सोडणारा नळ उघडाच अडकवून ठेवतो. क्षारांमागे पाणी जाते. गंभीर रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो.

अस्तर शाबूत आहे, म्हणजे साखर आणि मीठ एकत्र शोषण्याची त्याची वाट उघडी आहे. जलसंजीवनी चालते ती याच वाटेने. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले. म्हणून जुलाब सुरू झाले की आधी पाणी पाजायला घ्या, गोळी शोधत बसू नका.

शेळीपालकाला मी एवढेच सांगितले की, करडांना ही सोय नाही. त्यांचे विष रक्तात जाते, त्यामुळे लस आधीच हवी, पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी. यंदा मे महिन्यातच त्याने सगळ्या शेळ्यांना ती टोचून घेतली.