मुन्नारचा हिरवा गालिचा

केरळातल्या मुन्नारचे चहाचे मळे फोटोत पाहिलेत ना? डोंगरावर हिरवा गालिचा अंथरल्यासारखे! पण तो गालिचा निसर्गाने अंथरलेला नाही. १८७७ साली जॉन मन्रो या साहेबाने पूंजारच्या राजाकडून हे डोंगर भाडेपट्ट्याने घेतले. तिथे तेव्हा दाट रान, गवताळ माळ आणि मुथुवान आदिवासींची वस्ती होती. पुढे रान तोडून चहा लावला. मजुरीसाठी तमिळ मुलखातून कुटुंबं आणली. पानं खुडणं बायकांच्या वाट्याला आलं. राहायला ‘लायम’, म्हणजे चाळीसारख्या रांगेतल्या छोट्या खोल्या.

सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० वर आला. रोजची मजुरी होती २३२ रुपये. हजारो बायका रस्त्यावर बसल्या. युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. नऊ दिवसांनी बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के पदरात पडले. या एकजुटीचं नाव ‘पेंबिलै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकी. मजुरी मात्र ५०० मागितली, मिळाली ३०१.

मुन्नारला गेलात, तर मळ्यासमोर फोटो जरूर काढा. पण पाठीवर पानांचं ओझं घेऊन चढणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. हा इतिहास तिच्या हातांनी घडवलाय.