टकटक थांबलेली लिफ्ट

म्हैसूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीतलं हे पत्र्याच्या शेडचं गॅरेज नकाशावर शोधू नका. गॅरेज, माणसं, गाडी आणि दिवस मी रचलेले आहेत. बिघाड मात्र एकही रचलेला नाही. बंगळूरमध्ये नोंदलेली वाहनं एक कोटीच्या पुढं गेली आहेत. ती जिथं दुरुस्त होतात त्यातल्या बऱ्याच जागा अशाच असतात: भाड्याची शेड, सहा-सात माणसं आणि एक दोन-खांबी लिफ्ट.

तीन आठवडे आधी

दोन-खांबी लिफ्टमध्ये गाडी वर नेतं तेल, पण ती वर धरून ठेवायचं काम तेलाचं नसतं. दोन्ही खांबांत ठरावीक अंतरावर खाचा असतात. गाडी वर जाताना लोखंडी खिट्टी एकेका खाचेवरून सरकते आणि टकटक असा आवाज येत राहतो. हवी ती उंची आली की बटण सोडायचं आणि लिव्हर दाबून गाडी जराशी खाली घ्यायची. मग दोन्ही खांबांतल्या खिट्ट्या खाचेत बसतात आणि सगळा भार लोखंडावर येतो. त्यानंतर सील गळालं काय नि पाइप फुटला काय, गाडी जागची हलत नाही. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘लॉकवर बसली’.

मोटर असते त्या खांबापासून समोरच्या खांबापर्यंत एक बारीक केबल जाते. खाली घेताना ती दोन्ही खिट्ट्या एकदम सोडवते. ही केबल तुटली. एक खिट्टी सुटली, दुसरी अडकून राहिली आणि लिफ्टवरची गाडी तिरकी झाली. कुणाला लागलं नाही. मालक अण्णांनी केबल आणायला सांगितलं आणि तोवर काम अडू नये म्हणून कुणीतरी समोरची खिट्टी बांधकामाच्या तारेनं मागं ओढून बांधून टाकली. केबल आली नाही. तार राहिली.

सकाळी ९.१०

टॅक्सीची इनोव्हा आली. क्लच घसरतोय, चढावर दम धरत नाही. रात्री साडेनऊला देवनहळ्ळी एअरपोर्टचं भाडं आहे, त्याआधी गाडी पाहिजे, असं ड्रायव्हर अण्णांना सांगतो आणि अण्णा ‘आगत्ते’ म्हणतात. होईल. हा शब्द देताना त्यांनी लिफ्टकडं पाहिलेलं नाही.

९.३५

फोरमन बेळगावकडचा, सगळे त्याला मामा म्हणतात. हेल्परही तिकडचाच, खानापूरचा, वीस वर्षांचा पोरगा.

मामा गाडी दोन खांबांच्या मधोमध घेतात. चारही आर्म आत सरकवतात, रबराचे पॅड चेसीखाली नेमक्या जागी लावतात आणि गाडी वीतभर उचलून थांबतात. बंपरला हात लावून गाडी जोरात हलवून बघतात. हलत नाही. ही तपासणी बरेच जण करत नाहीत. मामा करतात. त्यांना कामातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

पण वीतभर उचललेल्या गाडीत एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येक आर्मच्या बुडाशी दात्यांची चकती असते आणि लिफ्ट जमिनीवरून उचलली की स्प्रिंगची पिन त्या दात्यांत पडते. मग आर्म बाजूला फिरू शकत नाही. पुढच्या डाव्या आर्मचे दाते झिजलेत. पॅडवर वजन आहे तोवर आर्म जागेवर राहणार, कारण वजनच त्याला दाबून धरतंय. वजन गेलं की त्याला अडवणारं काही नाही.

९.४५

गाडी डोक्याच्या वर गेली. टकटक आली ती एकाच खांबातून.

मामा बटण सोडतात आणि गाडी तशीच ठेवतात, तेलावर. लॉकवर बसवायची तर समोरच्या खांबात धरणारं काही नाही. एक बाजू खाचेत अडकेल, दुसरी खाली जाईल. म्हणजे या लिफ्टवर आता गाडी लॉकवर बसवणं हेच धोक्याचं झालंय. तीन आठवड्यांपूर्वीच्या तारेनं सुरक्षेचा सगळा हिशेबच उलटा करून ठेवला. अशी लिफ्ट त्याच दिवशी बंद करून तिच्या मोटरची वायर काढून ठेवायला हवी होती, दुसरा उपाय नव्हता.

खरं सांगायचं तर तार नव्हती तेव्हाही मामा दरवेळी लॉकवर बसवत नसत. त्याचं कारण पुढच्या नोंदीत आहे.

११.४०

लाइट गेली.

लॉकवर बसलेली गाडी खाली घ्यायची तर आधी बोटभर वर उचलावी लागते, तेव्हाच खिट्टी सुटते. उचलायला मोटर लागते, मोटरला वीज. वीज नसली की गाडी वरच अडकते आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून घड्याळ बघतं. तेलावर ठेवलेली गाडी मात्र लिव्हर दाबली की विजेशिवाय खाली येते. म्हणून पॉवर कटच्या शहरात मेस्त्री लोकांना तेलावर ठेवायची सवय लागते. ही सवय आळसातून येत नाही, धंद्याच्या सोयीतून येते, आणि म्हणूनच ती मोडायला अवघड जाते.

दुपारी १.१५

गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाला मागून आता आधार नाही, म्हणून मामांनी स्क्रूची उंच घोडी इंजिनाखाली उभी केली. पोरानं घोडीचं डोकं हातानं फिरवून इंजिनाला टेकवलं. चिमटीत फिरत होतं.

१.५० ते ४.२०

क्लच प्लेट जे. सी. रोडवरून यायची होती. आणायला गेलेला माणूस टाउन हॉलच्या सिग्नलपाशी अडकला. बाकीचे जेवले.

या अडीच तासांत गॅरेजमध्ये एकच गोष्ट घडत होती आणि ती कुणी पाहत नव्हतं. एका सिलिंडरचं सील झिरपत होतं. खांबाच्या बुडाशी तळहाताएवढा तेलाचा डाग बरेच दिवस होता, त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला. दोन्ही बाजू सारख्या ठेवणाऱ्या दोरांमुळं गाडी तिरकी न होता सरळच खाली येत होती, म्हणून डोळ्याला कळलं नाही. दोन बोटं, फार तर अडीच.

गाडी नुसती हवेत असती तर दोन बोटांनी काही बिघडलं नसतं. पण इंजिनाखाली घोडी होती. गाडी खाली येते आणि घोडी जागची हलत नाही, म्हणजे पुढचा भार हळूहळू आर्मवरून घोडीवर जायला लागतो. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी, आणि तिचं नाक आता पुढच्या दोन आर्मऐवजी एका घोडीवर तोललेलं.

४.३५

प्लेट आली. बसवायच्या आधी घोडी जरा खाली घ्यायची होती.

“मामा, ही फिरंना झालीय.”

“तेल मार की जरा. गंजली असंल.”

“दुपारी हातानं फिरत होती.”

“मग पाना लाव.”

पोरानं पाना लावला नाही, डिझेल मारलं आणि ते मुरेपर्यंत दुसऱ्या कामाला लागला. दुपारी चिमटीत फिरणारा स्क्रू तीन तासांत गंजत नाही. स्क्रूवर भार आलाय, हाच त्याचा अर्थ. पोराला अर्थ कळला नाही, पण फरक कळला होता आणि त्यानं तो बोलूनही दाखवला होता. त्या क्षणी पुढच्या डाव्या पॅडखाली बोट घालून बघितलं असतं तर पॅड आणि चेसी यांच्यामध्ये फट सापडली असती.

५.०५

अण्णांचा फोन. ड्रायव्हर आलाय, चहा पाजून बसवलाय. मामा म्हणतात, अर्धा तास.

५.२०

गिअरबॉक्स जॅकवर घेऊन पुन्हा इंजिनाला जुळवला. खालचे बोल्ट लागले. वरचा एक बोल्ट हाताला येत नाही, त्याला लांब एक्स्टेन्शन लावून मागून ओढावं लागतं. मामांचा खांदा दुखतो, म्हणून पोरगा गाडीखाली शिरला.

५.३२

पोरानं दोन्ही हातांनी दांडा आपल्याकडं ओढला. गाडी बोटभर डावीकडं सरकली. एरवी चार पॅडच्या पकडीत ही ओढ जिरून जाते. पुढच्या डाव्या पॅडवर आता वजन नव्हतं. आर्म दार उघडावं तसा बाहेर फिरला. घोडी आडवी झाली आणि तिच्यासोबत गाडीचं नाक डाव्या बाजूनं खाली आलं. मागचे दोन पॅड सुटायला त्यानंतर वेळ लागला नाही.

मोटरच्या बाजूची खिट्टी अगदी ठीक होती. तिनं तिच्या खाचेत आर्म पकडला. गाडी तोवर त्या आर्मवर नव्हती.

५.३३ ते ५.५०

दोन ट्रॉली जॅक लावून गाडी उचलली. १०८ ला फोन झाला. पोरगा गाडीखालून निघाला तेव्हा श्वास नव्हता.

त्यानंतर

पोलिस येतात, निष्काळजीपणामुळं मृत्यूचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदला जातो. लिफ्ट शेवटची कधी तपासली, हा प्रश्न येतो. उत्तर असं की, कधीच नाही, आणि तपासायला कुणी येणारही नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात उचलण्याच्या यंत्रांची ठरावीक मुदतीत सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितलेली होती, पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागायचा तो १० कामगारांपासून पुढं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ही रेष २० वर नेली. या गॅरेजमध्ये माणसं ७. अमेरिकेत लिफ्ट उत्पादकांच्या संस्थेचं प्रमाणक वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करायला सांगतं. ती संस्था १९४५ पासूनची आहे. अशी एखादी संस्था इथल्या गॅरेजवाल्यांनी स्वतः उभी करायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. माझ्या मते सरकारी निरीक्षकाची वाट बघण्यापेक्षा ते लवकर होईल.

भरपाईचा नियम मात्र डोकी मोजत नाही. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र सात माणसांच्या गॅरेजलाही लागतं: महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशेबाला धरायची मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये. वीस वर्षांच्या माणसासाठी आकडा २२४. म्हणजे पगार तेवढा असेल तर ७,५०० गुणिले २२४, सोळा लाख ऐंशी हजार. ही रक्कम मालकानं द्यायची, विमा काढलेला असेल तर विमा कंपनीनं. अण्णांनी तो काढलेला नाही.