शिट्टी वाजली की थांबायचं

शिट्टी बहुतेक वेळा बोलावण्यासाठी वाजवतात. गुराखी गुरं वळवायला वाजवतो, पोरं मित्राला घराबाहेर काढायला वाजवतात. आज ज्या शिट्टीविषयी बोलायचं आहे तिचं काम उलटं आहे. कुत्रा धन्यापासून पन्नास पावलांवर आहे, समोरून तितर फडफडत उठला आहे, अंगातलं सारं रक्त ‘धाव’ म्हणतं आहे, आणि नेमक्या त्या क्षणी एक लांब शिट्टी वाजते. अर्थ एकच : असशील तिथे बस.

गडचांदूरपासून ताडोबापर्यंतच्या आपल्या मुलखात कुत्र्याची शिट्टी माणसाच्या आधीपासून आहे. ती रानकुत्र्याची. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनमधल्या या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याचं मराठी नाव ‘कोळसून’ असंच नोंदवलं. दाट झाडोऱ्यात कळप पांगला की रानकुत्रे शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना गोळा करतात. त्यांची शिट्टी ‘या’ म्हणते. ‘थांब’ म्हणणारी शिट्टी माणसाने काढली, आणि ती शिकवायला त्याला बरेच कष्ट पडले.

या थांबण्याची कथा बंदुकीहून जुनी आहे. जॉन केयस या इंग्रज वैद्याने १५७० मध्ये कुत्र्यांवर एक लॅटिन पुस्तक लिहिलं. पक्ष्यांचा वास लागताच जमिनीला चिकटून पडणाऱ्या कुत्र्याचं वर्णन त्यात आहे. कुत्रा पडून राहायचा आणि शिकारी पुढे होऊन पक्ष्यांवर जाळं टाकायचा. कुत्रा उठला तर जाळं रिकामं. स्पॅनियल जातीचे कुत्रे याच घराण्यातले. लांब कानांचे, झुडपात घुसायला अधीर.

पुढे उडत्या पक्ष्यावर छऱ्याची बंदूक चालू लागली आणि थांबण्याचं कारण बदललं. छऱ्याची परिणामकारक मजल पस्तीस-चाळीस मीटरची. कुत्र्याने त्याच्या आत राहून पक्षी उठवायचा. तो पाठलाग करत सुटला तर पुढचे पक्षी आधीच उडून जातात. आणि पक्षी खालून उडाला तर गोळी कुत्र्यालाच लागायची. म्हणजे शिस्तीचा प्रश्न कुत्र्याच्या जिवावर येऊन ठेपला.

त्या काळी इंग्रजीत कुत्रा ‘शिकवणे’ असं म्हणत नसत, ‘मोडणे’ म्हणत. चाबूक हे मुख्य साधन. हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याचं १८४८ मध्ये गाजलेलं पुस्तकही ‘डॉग ब्रेकिंग’ याच नावाचं. पण आत सल्ला वेगळा होता. आरडाओरडा कमी करा, हाताच्या खुणा आणि हलकी शिट्टी वापरा, चुचकारून शिकवा. लष्करातल्या माणसाने हे सांगावं याची मला मोठी गंमत वाटते.

प्रत्यक्ष शिकवण्याची रीत अजून साधारण तीच आहे. सुरुवात जेवणाच्या ताटलीपासून. पिल्लू समोर, ताटली हातात, दुसरा हात वर उचललेला. पिल्लू बसलं की एक लांब शिट्टी, आणि मगच घास. आठवडाभरात वर उचललेला हात, शिट्टी आणि बसणं यांची गाठ पडते. मग ते चालत असताना शिट्टी. मग पळत असताना. मग दहा पावलांवरून, तीस पावलांवरून. त्यानंतर कापडाची गुंडाळी फेकायची आणि ती आणायला निघालेल्या पिल्लाला मध्येच थांबवायचं. इथे बरेचजण घाई करतात. एकदा शिट्टी वाजली आणि पिल्लू थांबलं नाही, तर पुन्हापुन्हा फुंकायची नसते; चालत जाऊन, ते जिथे बसायला हवं होतं तिथे नेऊन बसवायचं. दहा वेळा फुंकलेली शिट्टी पिल्लाला इतकंच शिकवते, की पहिल्या नऊ शिट्ट्यांना अर्थ नसतो. (घरोघरचे आईवडील हे ओळखतील.)

साहेबांच्या संगतीने हे कुत्रे हिंदुस्थानात आले. जिम कॉर्बेटचा रॉबिन स्पॅनियलच होता, पंधरा रुपयांना घेतलेला. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवरची बदकं, शेतकडेचे लावे-तितर ही अशा कुत्र्यांच्या कामाची शिकार. मात्र ऊन, गोचिड्या आणि बिबट्या हे तिन्ही शत्रू त्यांना इथे भेटत. बिबट्याला कुत्रा किती आवडतो हे जंगलकाठच्या गावांना सांगायला नको.

ताडोबात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली. देशभरासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी किरकोळ शिकारीचे परवाने काही काळ राहिले. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. शिकारी स्पॅनियलचं आपल्याकडचं काम तिथे संपलं. ज्या कोळसुनाला मारल्याबद्दल पूर्वी सरकारी इनाम मिळे, त्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. बदल चांगला झाला यात मला शंका नाही.

पण कुत्रा जंगलातून गेला नाही. २००८ पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी वनखात्यांसाठी वाघाची कातडी-हाडं हुंगून काढणारे कुत्रे तयार करायला घेतले. त्यांचंही शिक्षण आज्ञापालनापासूनच सुरू होतं, नाक नंतर. आणि दुसरीकडे आहेत गावोगावचे मोकळे कुत्रे. ते चितळाच्या पाडसामागे धावतात, आणि बरोबर रोग नेतात. २०१८ मध्ये गीरचे सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणून व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांत कुत्र्यांना लस टोचण्याचं काम महत्त्वाचं. त्या कुत्र्यांना धनी असतो, ताटलीही असते. लांब शिट्टी मात्र कोणी शिकवलेली नसते. गुरांमागे कुत्रा घेऊन जंगलाच्या कडेला जाणाऱ्याने ती शिकवायची ठरवली, तर खर्च एका शिट्टीचा आणि रोजच्या पाव तासाचा आहे.