फोर्डचं 'वैयक्तिक मत'

एखादा मोठा उद्योगपती एखाद्या समाजाबद्दल वाट्टेल ते बोलला की त्याचे चाहते लगेच धावून येतात. "अहो, ते त्यांचं वैयक्तिक मत. तुम्हाला माल चांगला मिळतोय ना?" अशा वेळी मला हेन्री फोर्ड आठवतो.

1914 साली फोर्डने कामगारांना दिवसाला 5 डॉलर जाहीर केले. जगभर वाहवा झाली, ती रास्तच होती. पण त्यातली निम्म्याहून थोडी जास्त रक्कम नफ्यातला वाटा म्हणून मिळायची आणि त्याला अटी होत्या. कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची: दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का. म्हणजे कामगाराचं खाजगी आयुष्य हा कंपनीचा विषय, आणि मालकाची मतं मात्र खाजगी!

1918 मध्ये त्याने 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' हे साप्ताहिक विकत घेतलं. मे 1920 पासून त्यात ज्यूंविरुद्ध लेखमाला सुरू झाली. जगात जे काही वाईट घडतं ते ज्यूंच्या कटामुळे, असा सगळा सूर. आधार होता 'प्रोटोकॉल्स' या दस्तऐवजाचा. तो बनावट असल्याचं 1921 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने पुराव्यानिशी दाखवलं, पण फोर्डला त्याचं काही नव्हतं.

नुसतं असं साप्ताहिक कितीसं खपलं असतं? पण ते खपवायचं काम फोर्ड गाड्यांच्या डीलरांवर टाकलं होतं. खप लाखोंच्या घरात गेला. फोर्डने घरात बसून कुणाचा द्वेष केला असता तर तो त्याचा प्रश्न होता. इथे मोटारीच्या धंद्याचं अख्खं जाळं त्या द्वेषाच्या दिमतीला होतं. मग ते मत वैयक्तिक कसलं?

त्याच्या बाजूने एक सांगायलाच हवं. इतर मोटार कंपन्या कृष्णवर्णीयांना सहसा दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा फोर्डच्या रूज कारखान्यात ते हजारोंनी कामाला होते. (अनेकांच्या वाट्याला भट्टीचं काम यायचं, हेही खरं.) मालकाचं मत बरं असो की वाईट, ते असं कुणाच्या तरी चुलीपर्यंत जातंच.

पुढे आरन सापिरो या ज्यू वकिलाने बदनामीचा खटला भरला. साक्षीला उभं राहायच्या आधीच, 1927 मध्ये, फोर्डने माफी मागितली. अंकात काय छापून येतं याची म्हणे त्याला कल्पनाच नव्हती! गंमत म्हणजे माफीचा मजकूरही लुई मार्शल या ज्यू पुढाऱ्याने लिहून दिलेला. वर्षअखेर साप्ताहिक बंद पडलं.

पण तोवर त्या लेखांचं पुस्तक निघून जर्मनीतही पोचलं होतं. 1938 मध्ये, पंचाहत्तरीला, हिटलरच्या सरकारने पदक पाठवलं. फोर्डने ते घेतलं.

1946 मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात हिटलरच्या युवा संघटनेचा माजी प्रमुख बाल्डूर फॉन शिराख साक्षीला उभा राहिला. तरुणपणी आपल्याला ज्यूद्वेष्टा बनवणारं निर्णायक पुस्तक म्हणून त्याने हेन्री फोर्डच्याच पुस्तकाचं नाव घेतलं.