पांढऱ्या भाताने शिकवलेला धडा : बेरीबेरीचा इतिहास

पांढराशुभ्र, मोकळा भात ताटात आला की भूक वाढते. पण एकेकाळी याच भातावर जगणारे हजारो सैनिक, खलाशी आणि कैदी एका आजाराने दगावले, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या आजाराचे नाव बेरीबेरी. त्याचे कारण म्हणजे थायमिनची, अर्थात जीवनसत्त्व ब-1 ची कमतरता.

थायमिन काय करते?

भात, पोळी, साखर यांपासून ऊर्जा तयार करायला पेशींना थायमिन लागते. ते कमी पडले की मज्जातंतू, मेंदू आणि हृदय यांना आधी फटका बसतो. पायांना मुंग्या येतात, ते बधिर होतात, पुढे लुळे पडतात. ही 'कोरडी' बेरीबेरी. पायांवर सूज, धाप आणि हृदय थकणे ही 'ओली' बेरीबेरी.

दोन जहाजांची गोष्ट

1882 च्या अखेरीस जपानी आरमाराचे 'र्‍युजो' हे जहाज लांबच्या सफरीवर निघाले. त्यावरील 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाली आणि 25 जण दगावले. आरमारातील डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांच्या लक्षात आले होते, की चौरस आहार घेणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा मुख्यतः भातावर राहणारे खलाशीच जास्त आजारी पडतात. त्यांनी हट्ट धरला, की दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवा, फक्त जेवण बदला. 1884 मध्ये 'त्सुकुबा' निघाले. या वेळी मांस, दूध, पाव असा आहार होता. एकही मृत्यू झाला नाही.

आहारात प्रथिने कमी पडतात म्हणून हा रोग होतो, असे ताकाकींना वाटत होते. कारण चुकीचे होते, उपाय मात्र बरोबर होता. जपानच्या लष्करातील वरिष्ठ डॉक्टरांना हे पटले नाही. हा जंतूंचाच रोग असणार, असे ते म्हणत राहिले. त्याची किंमत 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात मोजावी लागली. दोन लाखांहून अधिक सैनिकांना बेरीबेरी झाली आणि सुमारे 27 हजार दगावले.

कोंबड्या आणि तुरुंग

त्याआधीच जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमन जंतूच शोधत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवीन आचाऱ्याने तो देणे बंद केले, आणि कोंबड्या सुधारल्या!

मग फोर्डरमन यांनी जावातील 101 तुरुंगांची पाहणी केली. पॉलिश केलेल्या तांदळाच्या तुरुंगांत साधारण 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती, तर कोंडा शाबूत असलेल्या तांदळाच्या तुरुंगांत 10,000 मागे एकाला. औषध तांदळाच्या कोंड्यातच होते, आणि गिरणी ते काढून टाकत होती. 1926 मध्ये थायमिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. 1929 मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ इथे आठवतो. भात उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात उतरते, म्हणून सडल्यावरही त्यातले बरेचसे टिकून राहते.

आज धोका कोणाला?

नियमित दारू पिणारे, गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्या स्त्रिया, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवर असलेले आणि दीर्घकाळ लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना. शरीरातील थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. अशा व्यक्तीला गोंधळल्यासारखे होणे, डोळे नीट न हलणे, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. 'नशेत आहे, झोपू द्या' म्हणून थांबू नका. वेळेवर थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर मेंदू वाचू शकतो. उशीर झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

बाकीच्यांना रोज जेमतेम 1 ते 1.5 मिलिग्रॅम थायमिन पुरते. डाळी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, ज्वारी-बाजरी आणि कोंड्यासकट पीठ जेवणात ठेवा. तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि भाताची पेज ओतून देऊ नका.